खांबावरचं शेवटचं पाऊल

त्या डिसेंबरात बाईंचं काही चुकलं नव्हतं. चुकला होता कॅमेरा, म्हणजे तो निवडणारा मी. हे मला दुसऱ्याच दिवशी दुपारी, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, ताटातला भात संपायच्या आत कळलं होतं. तरी मी चार महिने गप्प बसलो. आणि माझ्या गप्प बसण्यामुळे बाईंनी स्वतःची आयुष्यभराची एक गोष्ट चुकीची मानली आणि ती मुलींना शिकवणं सोडून दिलं.

बाई म्हणजे आमच्या मुलीच्या खो-खोच्या बाई. चिंचवड गावठाणातल्या जुन्या घरातल्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. वर्गात पुस्तकातलं बोलायच्या आणि मैदानावर पाय ठेवला की गावातलं. निवृत्त झाल्यावरही शाळेमागच्या मैदानावर रोज संध्याकाळी पाचला त्यांची शिट्टी वाजायचीच. आमच्या मुलीला त्यांनी सात वर्षं शिकवलं. फीचं विचारलं की म्हणायच्या, "पोरगी पळतीया न्हवं? मग झालं." मुलगी आता शिकायला नाशिकला असते, पण माझं मैदानावर जाणं सुटलं नाही. चुन्यानं मैदान आखायचं काम माझ्याकडे होतं. मी चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, बावीस वर्षं. माझी रेषा सरळ येते म्हणून बाईंनीच ते काम मला लावलं होतं, आणि त्या मला 'इन्स्पेक्टर' म्हणायच्या, निम्मी थट्टा आणि निम्मा मान.

खो-खोच्या मैदानाला दोन टोकांना दोन लाकडी खांब असतात. पळणारा गडी खांबाआड वळतो तेव्हा पाठलाग करणाऱ्यानं एका हातानं खांब धरायचा, सगळं अंग बाहेर झोकायचं आणि मोकळ्या हातानं गडी टिपायचा. हा खांबावरचा सूर. सगळेच मारतात. बाईंच्या सुरात मात्र एक वेगळी गोष्ट होती. सुराच्या आधीचं शेवटचं पाऊल त्या आखूड टाकायच्या आणि टाच उचलता उचलता ते किंचित आत वळवायच्या. त्यामुळे अंगाचा झटका खांद्यावर न बसता मांडी तो घेते, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी स्वतःचा खांदा निखळल्यावर त्यांनी हे पाऊल शोधून काढलं होतं.

जानेवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. मैदान आखून झाल्यावर एका शनिवारी मला म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतोय, नवा गुडघा घातला की चालाल, जिना चढाल, पर सूर इसरा. तवा त्याच्या आधी मला एकदा काढून ठेवा. ते पाऊल बोलून सांगता येत न्हाई. बघावं लागतंय."

"बाई, कॅमेऱ्याचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आहे की फोन. त्याच्यावर काढा."

"फोनवर वाढदिवस काढतात. हे तांत्रिक काम आहे."

"बरं. मग तांत्रिक काय ते दिवाळीच्या बोनसात बसवा. फ्रिजचे पैसे हलवायचे नाहीत."

मी कंपनीत पुरवठादार निवडताना करतो तसा तक्ता केला. बारा दिवस रोज बसमध्ये जाता-येता मोबाइलवर कॅमेरे बघितले. आणि शेवटी घेतला तो एका अनोळखी नावाचा, हातात मावणारा छोटा कॅमेरा, कारण त्या किमतीत फोर-के लिहिलेला तो एकटाच होता. आमच्या धंद्यात एक सवय लागते. मोजायचं साधन निवडताना आधी बघायचं ते कमीत कमी किती बारीक माप दाखवतं. पट्टीपेक्षा व्हर्नियर बरा, व्हर्नियरपेक्षा मायक्रोमीटर. मी तेच लावलं. चित्रात ठिपके जितके जास्त, तितकं पाऊल बारीक दिसणार. डब्यावर छापलेलं मी खरं मानलं. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर माल आत घेऊ नका, आपण स्वतः तपासा, हे मी नवीन पोरांना दर वर्षी शिकवतो.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. मी आयुष्यभर थांबलेल्या वस्तू मोजल्या होत्या. ब्रेकची डिस्क टेबलावर ठेवली की पळत नाही.

पहिल्या दिवशी गुरुवार होता, आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातला साप्ताहिक सुटीचा वार, म्हणून मी दुपारी चारलाच गेलो. छान ऊन होतं. बाईंनी नुसता अंदाज घ्यायला एक सूर मारला. मी नेमका त्यांच्या पाठीमागे, स्टँडचा पाय बसवत होतो. कॅमेरा चालू होता इतकंच. मग त्याची बॅटरी संपली. चार्ज करायची असते हे मला माहीत होतं, किती तास ते नव्हतं. बाई हसल्या. "इन्स्पेक्टर, आज तुमचंच रिजेक्शन."

शुक्रवारी आणि शनिवारी माझी पहिली शिफ्ट होती. साडेतीनला सुटून, नाशिक फाट्याच्या गर्दीतून कंपनीची बस मला सोडेपर्यंत सव्वापाच झाले. डिसेंबरातले सव्वापाच. ऊन शाळेच्या इमारतीमागे गेलेलं. मी कॅमेरा खांबाच्या बाजूला लावला. बाई पळत आल्या, खांब धरला, अंग झोकलं. छोट्या पडद्यावर लावून बघितलं तर खांब स्वच्छ, रेषा स्वच्छ, मागची भिंत विटेसकट स्वच्छ. फक्त बाईंच्या पायाच्या जागी एक पांढरा फराटा.

"पुन्हा एकदा, बाई."

त्या परत गेल्या. पुन्हा फराटा. शुक्रवार असा गेला. शनिवारी मी आणखी उशिरा पोचलो आणि आणखी हट्टाला पेटलो. "पुन्हा एकदा, बाई." बाई गुडघा चोळायच्या, परत जायच्या. नंतर मी शनिवारच्या क्लिप मोजल्या. एकोणीस भरल्या. बासष्ट वर्षांच्या, महिन्याभरात ऑपरेशन असलेल्या बाईकडून मी एका संध्याकाळी एकोणीस सूर मारून घेतले, आणि त्यानंतर म्हणालो ते वाक्य आजही मला जेवताना आठवतं.

म्हणालो, "बाई, कॅमेरा बरोबर आहे. तुमचं पाऊलच बहुतेक ओढलं जातंय."

बाई थांबल्या. "वढलं जातंय? दाखवा बरं."

मी दाखवलं. मुली भोवती गोळा झाल्या. बाईंनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. तो पांढरा फराटा. मग त्यांनी खांबाला हात टेकला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "फरफटतंय." आणि मुलींकडे न बघता, "म्हंजी पोरींना बी असंच दाखवलं असंल मी इतकी वर्सं."

मी काहीतरी पुटपुटलो, वय, थंडी, गुडघा. सगळी कारणं त्यांच्या अंगातली होती. माझ्या हातातलं एकही नव्हतं. "पुसा ते," त्या म्हणाल्या आणि शिट्टी गळ्यातून काढून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी ती क्लिप आमच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मापाची साधनं तपासायच्या खोलीतल्या मित्राला दाखवली. तो मोटारसायकलवर फिरतो, हेल्मेटवर कॅमेरा लावून डोंगरांचे व्हिडिओ काढतो. त्यानं एक घास खाल्ला, क्लिप बघितली आणि म्हणाला, "हे काय राव, भूत काढलंस का?"

"बाईंचं पाऊल घसटतंय."

"पाऊल कशाला घसटेल? उजेड कमी, म्हणून तुझा कॅमेरा एकेका चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवतोय. तेवढ्यात पाय हातभर पुढं गेला. भिंत थांबलीय म्हणून भिंत झकास आलीय. वर सेकंदाला चित्रं किती, तर तीस. पळणाऱ्या माणसाला काय पुरणार?"

"पण फोर-के आहे ना."

"मग फोर-के भूत आलं." तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "भावा, ऑपरेटरला बोलायच्या आधी मापाचं गेज तपासा, असं शॉप फ्लोअरवर कोण ओरडत असतं रे?"

मी ओरडत असतो. बावीस वर्षं.

त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही. आधी स्वतःला सांगितलं, ऑपरेशन होऊन जाऊ दे. दवाखान्यात मोसंबी घेऊन गेलो, बाईंनी पाय वाकवून दाखवला, मी वा म्हणालो आणि परत आलो. मग म्हटलं, त्या घरी येऊ देत. घरी आल्यावर म्हटलं, काठी सुटू दे. खरं कारण एवढंच होतं की मुलींसमोर ज्या तोऱ्यात मी "कॅमेरा बरोबर आहे" म्हणालो होतो, तो तोरा मला मोडायचा नव्हता. साधनांचा जाणकार म्हणून लोक मला मानतात. माझ्याजवळ मान मिळावा असं दुसरं फारसं काही नाही.

मार्चच्या शेवटी बाई मैदानावर खुर्ची टाकून बसायला लागल्या. एका रविवारी बायको तिकडून जाऊन आली. मी पोहे खात होतो.

"बाईंनी मुलींना खांबावरचा सूर बंद करायला लावलाय," ती म्हणाली. "नुसता हात लांबवून टिपा म्हणतात. माझं पाऊल चुकीचं हाय, कॅमेऱ्यात दिसलं, असं सांगतात सगळ्यांना."

मी चमचा खाली ठेवला.

"तुम्ही मला सांगितलं होतं कॅमेरा खराब होता म्हणून. डिसेंबरात. बाईंना सांगितलंत ना?"

मी बशीतले शेंगदाणे बोटानं कडेला सारले.

"म्हणजे त्या बाईला खोटं ठरवून तुम्ही इथं पोहे खाताय," ती म्हणाली आणि बशी उचलून घेऊन गेली. अर्धे पोहे तसेच होते.

त्या दिवशी मी ठरवलं. दोन कामं: बाईंचं पाऊल नीट दिसेल असं साधन शोधायचं, आणि बाईंना सांगायचं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं करायचं नाही असंही ठरवलं. आता वाटतं तीही पळवाटच होती, रिकाम्या हातानं माफी मागायला न जाण्याची. पण निदान ही पळवाट पुढच्या दिशेला जात होती.

या वेळी तक्ता केला नाही. सायकलचं चाक काढलं, धावेवर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेनानं 'ओके' लिहिलं. बाल्कनीत चाक उलटं टांगून जोरात फिरवायचं, समोरून चित्र काढायचं आणि थांबवून बघायचं. 'ओके' वाचता आलं तर साधन पास. माझ्या कॅमेऱ्यात ती पट्टी गोल फिरलेल्या दुधासारखी दिसली. मित्राचा हेल्मेटचा कॅमेरा आणला. त्यात अक्षरं जवळजवळ वाचता आली, पण त्याची नजर इतकी रुंद की बाल्कनीचा कठडा धनुष्यासारखा वाकला. खांब वाकलेला दिसला तर पावलाची जागा कशी कळणार? नापास.

मग चाक घेऊन मी पुण्यात जुने कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार चाकाकडे बघून म्हणाला, "काका, कॅमेरा घ्यायचाय की पंक्चर काढायचंय?" भला माणूस होता, चाक धरून उभा राहिला. त्याच्याकडचा मोठा कॅमेरा चांगला होता, भिंग तर सुंदर. पण माझ्या ऐपतीतल्या कॅमेऱ्यात सेकंदाला साठच चित्रं होती, आणि ज्यात जास्त होती तो माझ्या ऐपतीत नव्हता. त्यानंच खरं ते सांगितलं. "तुमचं काम पळत्या माणसाचं आहे. दोन-तीन वर्षं जुना, चांगल्यातला फोन बघा. स्लो मोशनचा. आणि उन्हात काढा."

म्हणजे बायको पहिल्या दिवशी म्हणाली होती तेच.

पिंपरीच्या बाजारात जुन्या फोनच्या दुकानांची ओळ आहे. चार दुकानं चाकासकट फिरलो. चौथ्या दुकानात एक फोन होता, मागची काच तडकलेली. पोरगेल्या दुकानदारानं आधीच सांगून टाकलं, "काच फुटलीय म्हणून स्वस्त आहे, नंतर बोलू नका."

"मागून मला काय बघायचंय? चाक फिरवू दे फक्त."

फूटपाथवर, अकराच्या उन्हात चाक फिरवलं. सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं. थांबवून बघितलं. पट्टी जागच्या जागी उभी होती आणि तिच्यावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात 'ओके'. सावलीत नेऊन पुन्हा फिरवलं तर अक्षर पुसट झालं. म्हणजे नुसता फोन पुरेसा नव्हता, त्याच्याबरोबर ऊनही लागणार होतं.

बाकीचं मग भराभर जमलं. बाजारातला हलका स्टँड वाऱ्यानं थरथरतो, म्हणून चिखलीच्या भंगारवाल्याकडून एक टाकाऊ ब्रेक डिस्क घेतली आणि तिच्यावर गुडघ्याच्या उंचीचा पाइप वेल्ड करून घेतला. कदाचित ती डिस्क कधीकाळी मीच नापास केली असेल. स्लो मोशनमध्ये आवाज कामाचा राहत नाही, म्हणून कॉलरला लावायचा वायरचा माइक माझ्या फोनला जोडायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. पाचची वेळ सोडून गुरुवारची सकाळ, आठ ते दहा. मुलींच्या परीक्षा संपल्या होत्या.

जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करताना मला ती गुरुवारची क्लिप सापडली, बॅटरी संपायच्या आधीची. मी ती कधी बघितलीच नव्हती. कारखान्यात मशीन लावल्यावर निघालेला पहिला नग सगळ्यात बारकाईनं तपासतात. मी पहिला नग बाजूला टाकून पुढचे सगळे नापास केले होते. क्लिप तीन सेकंदांची. बाई पाठमोऱ्या, खांब त्यांच्या अंगाआड. पण चारचं ऊन होतं. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर एकेक चित्र पुढं सरकवलं. कडा थोड्या मऊ होत्या, तरी पाऊल ओळखू येत होतं. लांब पाऊल, लांब पाऊल, मग ते आखूड. टाच उठली, पंजा आत वळला, मांडी ताठ झाली, आणि बाई हवेत. कुठंही फरफट नव्हती. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आता मला काय दाखवताय?"

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी पुढं दोन तास काम झालं. बाई कॉलरला माइक लावून खुर्चीवरून ओरडत होत्या, मुली खांबावर सूर मारत होत्या, आणि आज कुणालाही ते पाऊल थांबवून बघता येतं. ते सगळं चांगलं आहे. पण ती पावलं मुलींची आहेत. बाईंचा स्वतःचा सूर समोरून, खांब धरणाऱ्या हातासकट, कुठंच नाही आणि आता कधीच नसेल. तो काढायला मला तीन दिवस मिळाले होते. पुढं कितीही गुरुवार आले तरी ते भरून निघणार नाही.

काम सुरू होण्याआधी मी जे बोललो, तेवढं सांगायचं राहिलंय.

मी डिस्कचा स्टँड खांद्यावर घेऊन मैदानात शिरलो तेव्हा बाई खुर्चीवर होत्या. मला बघून म्हणाल्या, "आले का इन्स्पेक्टर नवं मशीन घेऊन? आता कुणाला नापास करायचंय?"

मुली हसल्या. डिसेंबरातल्या त्या शनिवारी होत्या त्याच सगळ्या मुली. कंपनीत एक पद्धत आहे. नगावर नापासाची लाल चिठ्ठी ज्यानं बांधली, त्यानंच ती सगळ्यांसमोर सही करून सोडायची. दुसऱ्या कुणी सोडलेली चालत नाही. खांबाजवळची जागा तीच होती. मी बाईंना चष्मा लावायला सांगितला आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. डिसेंबरातल्या गुरुवारची क्लिप, एकेक चित्र. आखूड पाऊल आलं तिथं थांबवली.

बाईंनी पडद्यावरच्या पावलावर बोट ठेवलं. मुली खुर्चीमागून वाकून बघत होत्या. "हे कवाचं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवशीचं. उन्हातलं."

"आन ते फरफटलेलं?"

 माझे हात आपोआप मागे बांधले गेले, साहेबांसमोर बांधतो तसे.

"बाई, ते तुमचं पाऊल नव्हतं. माझा कॅमेरा अंधारात पळतं पाऊल धरू शकत नव्हता. तो मी निवडला होता, न तपासता. मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, ऑपरेशनच्या आधी, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. मला लाज वाटली म्हणून चार महिने सांगितलं नाही. तुम्ही या मुलींना चुकीचं काही शिकवलं नाही. पोरींनो, बाईंचं पाऊल बरोबर आहे, चूक माझी होती. बाई, तुमच्या दुखऱ्या गुडघ्यावर मी तुम्हाला एका संध्याकाळी एकोणीस वेळा पळवलं आणि वर तुम्हालाच चुकीचं ठरवलं. मला माफ करा."